पेव म्हणजे काय?



शहरात अनधिकृत बांधकामांचे पेव फुटले, खासगी शिकवण्यांचे पेव फुटले, अशी वाक्ये आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. नको असलेली गोष्ट एकाएकी सगळीकडे दिसू लागली की हा वाक्प्रचार हमखास येतो. त्यामुळे पेव म्हणजे एखादे गळू असावे, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात पेव म्हणजे जमिनीखालची धान्याची कोठी. वाईट दिवसांसाठी केलेली ती तरतूद होती.

साठवणीच्या जागांना मराठीत पुष्कळ शब्द आहेत. तळघर म्हणजे घराच्या तळाची खोली. भुयार हा शब्द संस्कृत ‘भूमिगृह’ यावरून आला आणि कोठार ‘कोष्ठागार’ यावरून. पेव यांहून वेगळे. ते माणसाच्या राबत्यासाठी नसते, धान्य पुरण्यासाठीच असते.

पेवाचा आकार घागरीसारखा. तोंड अरुंद, एक माणूस उतरेल एवढेच. आत पोट रुंद. तळाला व कडेने कडबा किंवा पेंढा लावून आत ज्वारी भरत आणि तोंडावर दगड ठेवून मातीने लिंपून टाकत. बंद पेवात धान्य व किडे तेथील प्राणवायू वापरून संपवतात. मग किडे मरतात आणि धान्य टिकते. मात्र त्यासाठी जमीन कोरडी हवी. म्हणून पेवे देशावरची. कोकणातल्या पावसात ती टिकायची नाहीत.

ही रीत फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीत धान्य साठवण्याचे खड्डे सापडले. सांगलीजवळच्या हरिपूर भागात तर अगदी अलीकडेपर्यंत हळद पेवांत ठेवत. २००५ च्या महापुरात तेथील पुष्कळ पेवांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले.

पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आत विषारी हवा साठलेली असते. जुने लोक आधी दिवा सोडून पाहत. तो विझला तर थांबत. पण दिवा जळत राहिला म्हणजे हवा चांगली, असे मात्र नाही. जुना खड्डा, विहीर किंवा टाकी यांत त्या भरवशावर कोणी उतरू नये.

एकदा पेव फोडले की बाहेरची हवा आत जाते आणि धान्य खराब होऊ लागते. म्हणून बहुधा सगळेच धान्य बाहेर काढावे लागे. इतके दिवस न दिसलेले धान्य एकदम ढिगाने बाहेर येई. ‘पेव फुटणे’ या शब्दांचा अर्थ या चित्रातून उमगतो.

पवित्र शास्त्रातही असे साठे आहेत. यिर्मयाच्या ४१ व्या अध्यायात इश्माएल यात्रेकरूंची कत्तल करतो, तेव्हा त्यांतील दहा जण त्याला सांगतात की आमचे गहू, जव, तेल व मध शेतात लपवलेले आहे. त्या साठ्यापायी त्यांचे प्राण वाचतात. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवले आणि दुष्काळात कोठारे उघडली. आपल्याकडे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, असे परंपरा सांगते. साठवणे हे शहाणपण खरे; पण वेळेवर उघडणे हे त्याहून मोठे.

आपल्या डोंगरपट्ट्यातल्या वारली, कोकणा घरांत पेव नसते, कणगी असते. बांबूची विणलेली, शेणमातीने सारवलेली. आषाढ-श्रावणात ती तळाला लागते आणि नवे भात यायला अजून अवकाश असतो. ज्यांच्याकडे जमीनच नाही अशा अनेक कातकरी कुटुंबांना कणगीचाही आधार नसतो. तेव्हा सावकाराकडून उसने आणलेले धान्य पुढच्या पिकावर बोजा होऊन बसते. गावाने मिळून चालवलेली धान्य बँक हे यावर एक साधे उत्तर आहे. पावसाळ्यात धान्य न्यायचे, सुगीनंतर थोडे वाढवून परत भरायचे. ते गावाचे सामाईक पेवच म्हणायचे.

पुढच्या वेळी ‘पेव फुटले’ असे वाचाल, तेव्हा लिंपलेले ते तोंड आठवा, आणि ते उघडण्याची वाट पाहणारी माणसेही.