जुन्या बंदुकांचा संग्रह आणि शस्त्र अधिनियम : पालघर-तारापूर परिसराच्या संदर्भात

जानेवारी १७३९ मध्ये तारापूरच्या संग्रामात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. त्या काळातील ठासणीची बंदूक आज पालघर किंवा बोईसरमधील एखाद्या हौशी संग्राहकाच्या हाती आली, तर ती ऐतिहासिक वस्तू मानावयाची की परवानापात्र शस्त्र?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ नुसार अप्रचलित बनावटीच्या, पुराणवस्तुमूल्य असलेल्या अथवा नादुरुस्त हत्यारास सूट मिळते. मात्र दुरुस्ती करूनही ते बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. म्हणजे निकष वयाचा नसून क्षमतेचा आहे. 'पणजोबांची बंदूक, तिला कसला परवाना?' हा समज येथेच फसतो. चाप गंजलेला, परंतु नळी शाबूत असेल आणि कारागीर ती चालू करू शकत असेल, तर सूट लागू होत नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर २ ते ५ वर्षे कारावासाची तरतूद आहे. वर्षे मोजतो तो वेगळाच कायदा : १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमात १०० वर्षांची अट आहे, पण त्याने शस्त्रपरवान्यातून सुटका होत नाही.

चालू स्थितीतील बंदुकांचा संग्रह करणे तर अधिकच अवघड. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा ३ वरून २ केली आणि वारसाहक्काच्या परवान्यासही ती लागू केली. नेमबाज खेळाडूंना मिळणारी सवलत हौशी संग्राहकास नाही. तिसरी बंदूक, मग ती आजोबांची असो, वर्षभरात पोलीस ठाण्यात वा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे बंधनकारक झाले.