सहा तासांचा कोळसा

इंग्लंडच्या दक्षिण यॉर्कशायरमध्ये, रॉदरहॅम शहराजवळ, वेंटवर्थ वुडहाउस नावाचं एक घर आहे. घरच म्हणायचं, कारण ते एका कुटुंबाने राहण्यासाठी बांधलं. त्याची पूर्वेकडची दर्शनी बाजू ६०६ फूट लांब आहे. मुंबईची नऊ डब्यांची लोकल अंगणात आणून उभी केली, तर मोटरमन साधारण एका टोकाला आणि गार्ड दुसऱ्या टोकाला येईल. लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसचा दर्शनी भाग जेमतेम ३५५ फुटांचा. म्हणजे राजापेक्षा सरदाराचं घर जवळजवळ पावणेदोनपट लांब.

खोल्या किती, हे विचारलं की आकडे डळमळू लागतात. ३०० हून जास्त, इथवर सगळ्यांचं एकमत. काही जण हौसेने ३६५ सांगतात. केंटमधल्या नोल वाड्याबद्दलही हेच ऐकू येतं, त्यामुळे हा आकडा मोजून आलेला नसून आवडीचा असावा. सगळे बोळ जोडले तर पाच मैल भरतात म्हणे. पाहुण्यांना रंगीत कागदाच्या टिकल्या दिल्या जात, अशीही आख्यायिका आहे. खोलीतून जेवायला येताना त्या वाटेत टाकत यायच्या आणि रात्री आपापला रंग शोधत परत जायचं. दारू चढलेल्या पाहुण्याला मध्यरात्री हिरवा आणि निळा कसा ओळखू येत असेल, याबद्दल आख्यायिका गप्प आहे.

एवढं मोठं घर बांधायला कारणही तसंच सनातन, भाऊबंदकी. १६९५ मध्ये वेंटवर्थ घराण्याची मुख्य जहागीर मुलीकडच्या वारसाला, वॉटसन नावाच्या भाच्याला मिळाली. डावलला गेलेला चुलत शाखेतला थॉमस वेंटवर्थ चिडला. १७०८ मध्ये त्याने काही मैलांवर स्टेनबरोची जमीन घेतली आणि तिथे दिमाखदार वाडा उठवला. मग भाच्याच्या मुलालाही गप्प बसवेना. १७२५ च्या सुमाराला त्याने पश्चिमेकडे तोंड असलेलं विटांचं, नक्षीदार घर सुरू केलं. ते पुरतं होतंय न होतंय तोच फॅशन बदलली. लोकांना आता सरळ रेषांचं, खांबांचं, इटालियन वळणाचं बांधकाम हवं होतं. त्याने पहिलं घर पाडलं नाही. त्याच्या पाठीला पाठ लावून हेन्री फ्लिटक्रॉफ्टकडून दुसरं बांधून घेतलं, तेच हे ६०६ फुटांचं. पूर्वेकडून पाहणाऱ्याला मागच्या घराचा पत्ताही लागत नाही.

आत संगमरवरी दिवाणखाना आहे. लांबी ६० फूट, रुंदी ६० फूट, उंची ४० फूट. घोड्यांचा बडेजावही कमी नव्हता. जॉन कार या वास्तुविशारदाने बांधलेल्या पागेत ८४ घोड्यांची सोय होती. घराचा पुढचा मालक, दुसरा मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅम, दोनदा ब्रिटनचा पंतप्रधान झाला, पण त्याचा जीव शर्यतीत. व्हिसलजॅकेट नावाच्या आपल्या घोड्याचं चित्र त्याने १७६२ च्या सुमाराला जॉर्ज स्टब्जकडून काढून घेतलं. सुमारे साडेनऊ फूट उंच कॅनव्हासवर मागच्या पायांवर उठलेला तांबूस घोडा, मागे ना झाड, ना आभाळ, ना स्वार. या चित्राला पुढे पुन्हा यावं लागणार आहे.

घर उभं राहिलं ते जमिनीच्या उत्पन्नावर. खरी बरकत आली जमिनीखालून. फिट्झविल्यम घराण्याकडे मालकी गेली आणि पुढच्या शतकात कोळशाने तिजोऱ्या भरल्या. १९०२ मध्ये सहावे अर्ल वारले तेव्हा मागे २८ लाख पौंड होते. कोळशाचा हिशेब दुसऱ्या बाजूनेही लिहावा लागतो. जुलै १९१२ मध्ये राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी या घरी मुक्कामाला असतानाच जवळच्या केडबी खाणीत स्फोट झाले. ९१ माणसं गेली. त्यांतली निम्म्याहून जास्त अडकलेल्यांना काढायला उतरलेली होती.

आणि मग १९४६. ब्रिटनला कोळसा हवा होता. मजूर पक्षाच्या सरकारातले इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी हुकूम काढला आणि एप्रिलमध्ये लॉऱ्या नि यंत्रं थेट बागेत शिरली. उघडी खाण मागच्या दारापर्यंत आली. मातीचा ढिगारा घराच्या खिडक्यांसमोर ५० फुटांपर्यंत चढला. विरोध कोणी करावा? यॉर्कशायरच्या खाणकामगार संघटनेने. सरदाराची बाग वाचवायला खाणकामगार संपाची भाषा बोलू लागले, तरीही खोदकाम थांबलं नाही. शेफील्ड विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी तिथला कोळसा हलक्या प्रतीचा ठरवला होता, तोही अहवाल वाया गेला.

बागेतून निघाला १ लाख ३२ हजार टन. ऐकायला डोंगर. पण त्या वर्षी ब्रिटनचं उत्पादन सुमारे १९ कोटी टन होतं, म्हणजे दिवसाला ५ लाख २० हजार. भागाकार करून बघा: जेमतेम सहा तास. शे-दोनशे वर्षांचे वृक्ष आणि हिरवळी उखडून देशाने एका सकाळचा कोळसा मिळवला. याला वर्गद्वेष म्हणणारे अजूनही आहेत. मला तर ही साधी, गणित न करता घेतलेली सरकारी घाई वाटते, आणि ती जास्त भीतिदायक आहे.

१९५० ते १९७९ तिथे मुलींना शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका बनवणारं कॉलेज भरलं. १९७२ मध्ये घराण्याची १६ टन कागदपत्रं जाळली गेली. होळी तीन आठवडे धुमसत होती.

आता किमती. १९९७ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने घोड्याचं ते चित्र १ कोटी १० लाख पौंडांना घेतलं. दोनच वर्षांनी अख्खं घर विकलं गेलं सुमारे १५ लाखांना. म्हणजे एका चित्राच्या पैशांत अशी सात घरं आली असती. नव्या मालकांनी जुन्या खाणींमुळे जमीन खचते म्हणून १० कोटी पौंडांची भरपाई मागितली आणि २०१६ मध्ये दावा हरले. २०१७ मध्ये एका न्यासाने ७० लाखांना घर घेतलं. डागडुजीसाठी सरकारने दिलेलं अनुदान होतं ७६ लाख, आणि त्यातलं पहिलं काम छप्पर गळायचं थांबवणं.