आडातले पोहऱ्यात कसे येते? – सिकलसेल आणि वारशाचे शास्त्र



किनवट-माहूर भागातील कामाची माहिती द्यायला मी निरनिराळ्या मंडळ्यांमध्ये जाते. सिकलसेलचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतो का? आणि आईबाप धडधाकट असताना लेकराला तो आला कुठून?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: लागत नाही. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने, उष्टे पाणी प्यायल्याने सिकलसेल होत नाही. तो फक्त जन्मातून येतो. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला जरा जास्त जागा लागते, म्हणून हा लेख. या प्रश्नाचे एक चुकीचे उत्तर गावोगावी रूढ आहे आणि त्याची किंमत बहुतेक वेळा घरची सून मोजते.

गोठ्यातले शास्त्र

वारसा म्हणजे काय हे आपल्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नव्याने शिकवावे लागत नाही. लातूर जिल्ह्यातील देवणी तालुक्याच्या नावाने ओळखली जाणारी देवणी गाय घ्या. तिच्यात तीन प्रकार मानतात. पांढरे अंग आणि तोंडाच्या बाजू काळ्या असतील तर वानेरा, सगळे अंग पांढरे असेल तर बालंक्या आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असतील तर शेवरा. नांदेड जिल्ह्यातील कंधारची लाल कंधारी तर दुरूनच ओळखू येते. पिढ्यान्‌पिढ्या चांगला वळू आणि चांगली गाय निवडून शेतकऱ्यांनी या जाती राखल्या. आज कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे त्यांची स्वतंत्र जाती म्हणून नोंद आहे.

या अनुभवातूनच आपल्याकडे म्हण आली, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हण खरी आहे, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. आडात असूनही पोहऱ्यात न येणारे बरेच काही असते, आणि सिकलसेलचे सारे कोडे तिथेच आहे.

मठातला वाटाणा

हे कोडे पहिल्यांदा सोडवले ते एका मठवासी धर्मगुरूने. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेला असताना मी मंडळीच्या इतिहासात अनेक मठवासी अभ्यासले, पण ग्रेगोर मेंडेल हे नाव तिथे भेटले नाही. ते भेटले आरोग्याच्या कामात. मेंडेल ऑगस्टिनियन संघाचे. आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत त्यांनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची हजारो रोपे वाढवली.

त्यांनी गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या वाटाण्याचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुती नाहीशी झाली असे कोणीही म्हटले असते. मेंडेल यांनी तेच दाणे पुन्हा पेरले आणि पुढच्या पिढीचे दाणे एकेक करून मोजले. ५,४७४ गोल निघाले आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे तीनास एक.

त्यांचा निष्कर्ष असा. प्रत्येक गुणासाठी रोपात दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. पुढच्या पिढीला देताना दोनांपैकी एकच प्रत जाते आणि कोणती जाईल हे ठरलेले नसते. गोलपणाची एक प्रत असली तरी दाणा गोल दिसतो. सुरकुतीची प्रत आत दडून राहते. दोन्हीकडून सुरकुतीचीच प्रत आली तर सुरकुती उघड होते. मेंडेल यांनी हे १८६६ साली छापले, पण १९०० पर्यंत त्याचे महत्त्व कोणी ओळखले नाही. तोवर त्यांच्या मृत्यूला सोळा वर्षे झाली होती.

ज्या प्रतींविषयी मेंडेल बोलले, त्यांना आज आपण जनुके म्हणतो. जनुक डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेले असते. ही चार अक्षरे वाटाण्यात, गायीत, जिवाणूत आणि माणसात एकच आहेत. म्हणून एका सजीवात सापडलेला नियम दुसऱ्याला समजून घ्यायला उपयोगी पडतो.

गायींचेच उदाहरण पाहा. ऑस्बॉर्नडेल आयव्हनहो नावाचा एक नावाजलेला अमेरिकन होल्स्टीन वळू होता. स्वतः धडधाकट. त्याच्या वंशातल्या वळूंचे वीर्य देशोदेशी गेले. त्या वंशात पुढे वासरे संसर्गाने दगावू लागली, तेव्हा कळले की रोगप्रतिकारशक्ती बिघडवणाऱ्या जनुकाची एक प्रत त्या वळूत दडलेली होती. आता आपल्या देशातही कृत्रिम रेतनासाठी असा वळू निवडताना या दोषाची तपासणी करतात. वळू धडधाकट दिसतो एवढे पुरेसे नाही, हे पशुपालनाने मान्य केले आहे.

माणसाच्या रक्तातले एक अक्षर

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. ते फुप्फुसातून प्राणवायू उचलून अंगभर पोचवते. सिकलसेलमध्ये या हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून त्यांच्या कांड्या बनतात आणि गोल पेशी वाकून विळ्यासारखी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग हाडे आणि सांधे असह्य दुखतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. विळ्याची पेशी १०-२० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे, सारखा थकवा. तान्ह्या बाळाचे हात-पाय सुजणे हे अनेकदा पहिले लक्षण असते.

चांगल्या प्रतीला ‘ए’ आणि बदललेल्या प्रतीला ‘एस’ म्हणतात. दोन्ही ‘ए’ असतील तर माणूस सामान्य. एक ‘ए’ आणि एक ‘एस’, म्हणजे ‘एएस’ असेल तर तो वाहक. वाहक शेतात राबतो, लेकरे वाढवतो, त्याला सहसा काही त्रास नसतो आणि औषधाची गरजही नसते. दोन्ही ‘एस’, म्हणजे ‘एसएस’ असेल तर तो रुग्ण.

गावात आम्ही हे दाण्यांनी दाखवतो. नवऱ्याच्या मुठीत एक ज्वारीचा पांढरा दाणा आणि एक तुरीचा लाल दाणा देतो. बायकोच्या मुठीतही तसेच. दोघांनी डोळे मिटून एकेक दाणा पुढे ठेवायचा. दोन्ही लाल आले की ते बाळ रुग्ण. पुन्हा पुन्हा केले की सरासरी चारात एकदा दोन्ही लाल येतात, दोनदा एक पांढरा-एक लाल, एकदा दोन्ही पांढरे. प्रत्येक बाळंतपणात हा खेळ नव्याने होतो. एक लेकरू आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही.

या खेळात बायाबापड्यांना जी गोष्ट सर्वांत आधी उमगते ती ही की बापाने लाल दाणा ठेवल्याशिवाय बाळ ‘एसएस’ होतच नाही. एका कोलाम पोडावर दोन लेकरे सतत आजारी, म्हणून सुनेला माहेरी धाडले होते. ‘हिच्या अंगात दोष आहे’ असे सासरचे म्हणत. नवरा-बायको दोघांची तपासणी झाली. दोघेही ‘एएस’ निघाले. सासूने तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. तिला वाचता येत नव्हते, पण दोन्ही कागदांवर सारखेच लिहिले आहे एवढे तिला दिसत होते. सून परत नांदायला आली.

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे, असे विचारतात. प्रभू दोन्ही पर्याय नाकारतो. पोडावर आणि आपल्या मंडळ्यांतही तोच प्रश्न अजून विचारला जातो. निदान सिकलसेलपुरते तरी त्याचे उत्तर आपण स्पष्ट दिले पाहिजे.

देव मोजले, तरी जनुक उरते

गोंड समाजात सोयरीक जुळवताना कुळाचे देव मोजतात. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एकाच संख्येचे देव असलेल्या कुळांत लग्न होत नाही. रक्ताचे नाते टाळण्याची ही जुनी आणि शहाणी रीत आहे. मात्र कुळ बापाकडून चालते, आणि जनुक आई-बाप दोघांकडून येते. देव वेगळे असले तरी दोन्ही घरांत ‘एस’ असू शकतो.

शिवाय मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत गोंडांत आहे, तशी मराठवाड्यातल्या इतर अनेक समाजांतही आहे. मुलगा वाहक असेल आणि जनुक त्याच्या आईकडून आले असेल, तर मामा वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि मामाच्या मुलीची पाव धरावी लागते. हे पाव प्रमाण थोडे नाही.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनीही यातून स्वतःला वगळू नये. धर्म बदलल्याने रक्त बदलत नाही. मोजक्याच मंडळ्यांमध्ये सोयरिकी होत राहिल्या तर दडलेल्या प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. सिकलसेल फक्त आदिवासींत आहे असेही नाही. विदर्भात तो इतर समाजांतही आढळतो.

हा वारसा टिकला कशामुळे?

इतका त्रास देणारे जनुक हजारो वर्षे टिकले कसे? १९५४ साली अँथनी ॲलिसन या डॉक्टरांनी आफ्रिकेतील अभ्यासातून उत्तर दिले. एक ‘एस’ प्रत असलेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. जिथे रान आणि हिवताप, तिथे वाहक लेकरे जास्त जगली आणि त्यांच्याबरोबर जनुकही जगले. ‘एसएस’ रुग्णाला मात्र हे संरक्षण उपयोगी पडत नाही. त्याला मलेरिया फार धोक्याचा. ज्याला लोक शाप म्हणतात, ती पूर्वजांना रानात तगवणारी ढाल होती. तिचे मोल काही लेकरे आजही देत आहेत.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. पुढे जनुकाच्या आजूबाजूची अक्षरे वाचल्यावर दिसले की भारतीय आदिवासींतला ‘एस’ आफ्रिकेतल्या प्रकारांहून वेगळा आहे. या प्रकारात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जन्मानंतरही जास्त प्रमाणात टिकते आणि ते पेशी वाकू देत नाही. म्हणून आपल्याकडे आजार अनेकदा सौम्य असतो, नेहमीच नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषधही मुख्यतः हेच हिमोग्लोबिन वाढवते. २०२३ अखेर ब्रिटन आणि अमेरिकेने मान्य केलेल्या एका नव्या जनुकीय उपचारातही तेच साधले आहे, तेही जिवाणूंकडून उचललेल्या कात्रीने. तो उपचार आज फार महाग आहे. पोडावरच्या लेकराला आधार आहे तो तपासणीचा, गोळ्यांचा आणि वेळेवर दवाखान्यात नेण्याचा.

काय करता येते

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन सोल्युबिलिटी चाचणी करतात. नळीतले द्रावण गढूळ झाले तर ‘एस’ आहे. पण वाहक की रुग्ण हे या चाचणीने कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. पहिल्या चाचणीवर थांबू नये.

रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, कडक ऊन, थंडी आणि अति श्रम टाळावेत, ताप आला की त्याच दिवशी दवाखान्यात जावे. फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया डॉक्टर सांगतील तसे चालू ठेवावे. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. मुलांच्या लसी चुकवू नयेत. रुग्ण असलेल्या गरोदर बाईचे बाळंतपण दवाखान्यातच व्हावे.

सोयरिकीबद्दल नीट समजून घ्यावे. वाहकाने लग्न करू नये, असे कोणीही सांगितलेले नाही. वाहक आणि सामान्य यांचे एकही मूल रुग्ण होत नाही. विचार करायचा तो दोन वाहक एकत्र येताना. एवढा फरक न सांगता तपासणीचा गवगवा केला की लोक मुलीचा कागद लपवतात आणि तपासणीलाच नकार देतात. दोन वाहकांचे लग्न आधीच झालेले असेल, तर ते मोडायचे नाही. प्रत्येक बाळाची लवकर तपासणी करून घ्यायची.

आपल्या मंडळ्या इथे मोठे काम करू शकतात. तरुणसंघाच्या सभेत आणि दृढीकरणाच्या वर्गात हा दाण्यांचा खेळ अवश्य खेळून पाहा. विवाहाची घोषणा करण्याआधी पाळकसाहेबांनी दोघांनाही खाजगीत तपासणीबद्दल विचारावे. आणि ही विचारपूस साखरपुड्याच्या आधी व्हावी. एकदा कपडे-भांडी घेऊन झाली, पाहुण्यांना निरोप गेले, की मग हातात आलेला कागद कोणी उघडून पाहत नाही.