वरातीमागून घोडं, तेही कोडिंग करून!

माहीत आहे का? बाजारातला ‘घ्या आता!’ म्हणणारा एक गाजलेला सिग्नल एका ओळीत मावतो. ‘बाय = क्रॉस(एमए(सी, 20), एमए(सी, 50));’ बस्स! कॉम्प्युटरला ही ओळ इंग्रजी अक्षरांत लागते, एवढाच काय तो नखरा. एमए म्हणजे मूव्हिंग अ‍ॅव्हरेज, सरकती सरासरी. सी म्हणजे क्लोज, दिवसाचा शेवटचा भाव. 20 दिवसांच्या सरासरीची रेष 50 दिवसांच्या रेषेला खालून वर छेदून गेली, की चार्टवर हिरवा बाण. कडेगाव स्टँडवर चहाचा कप हातात घेऊन लिहायला बसलात, तर चहा संपायच्या आत प्रोग्रॅम तयार!

पण थांबा. हा बाण उशिरा येतो. किती उशिरा? याचंही सूत्र आहे, राव! दिवसांतून एक वजा करा आणि निम्मं करा. 20 दिवसांची साधी सरासरी भावाच्या साडेनऊ दिवस मागं चालते आणि 200 दिवसांची साडेनव्व्याण्णव. वरात लग्नघरी पोचून जेवणाच्या पंगती उठल्या, तरी घोडं अजून वाटेतच!

आता एक गंमत. भाव जागचा हलला नाही, तरी सरासरी हलते! समजा, एखाद्या मालाचा पाच दिवसांचा भाव 100, 102, 104, 106, 108. सरासरी 104. सहाव्या दिवशी भाव पुन्हा 108, म्हणजे बाजार ढिम्म. पण पाच दिवसांच्या खिडकीतून जुना 100 बाहेर पडला आणि सरासरी झाली 105.6. आज कुणी काही केलं नाही, गेलेल्या पाहुण्यामुळं घरात जागा झाली इतकंच. नवखे ट्रेडर अशा वळणाला ‘तेजी आली’ म्हणतात.

आणि एक्स्पोनेन्शियल सरासरी, म्हणजे लाडकी ‘ईएमए’? ती कुणालाच घराबाहेर काढत नाही. दोनला ‘दिवस अधिक एक’नं भागायचं, तेवढा वाटा आजच्या भावाचा. 20 दिवसांच्या ईएमएत आजचा वाटा साडेनऊ टक्के, साध्या सरासरीत फक्त पाच. जुने भाव लहान लहान होत जातात, पण पूर्ण पुसले कधीच जात नाहीत. अगदी भावकीतल्या भांडणासारखं!

माहीत आहे का, सरासरी काढायला आपल्याकडं स्टॉक एक्स्चेंजची वाट बघितली नव्हती? 1150 च्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी खड्ड्याचा हिशेब दिलाय. खड्ड्याची रुंदी किंवा खोली ठिकठिकाणी वेगळी असेल, तर प्रत्येक ठिकाणी मोजा, बेरीज करा आणि जितक्या ठिकाणी मोजलं तेवढ्यानं भागा. हीच आपली साधी सरासरी, फक्त न सरकणारी! आता खड्डा म्हटल्यावर सांगलीकरांना काय आठवणार? हरिपूरची पेवं. जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद साठवायची आणि भाव चढायची वाट बघायची. पेवात माल ठेवून बसलेला शेतकरी म्हणजे बिनास्क्रीनचा पोझिशनल ट्रेडर. 2005 च्या महापुरानं मात्र पेवांची पार दैना केली. तो स्टॉपलॉस कुणीच लावला नव्हता.



हळदीवरून सोन्याकडं वळू. विटा, खानापूर, आटपाडी, कडेगाव हा सांगली जिल्ह्याचा दुष्काळी पट्टा. इथली माणसं सोनं-चांदी गाळायची गलाई भट्टी घेऊन देशभर पसरली. सोन्याची वायदे स्क्रीन एमसीएक्स या वायदे बाजारात 2003 मध्ये उघडली. ज्या घरात सोन्याचा कस डोळ्यांनी ओळखायचे, तिथल्या पोरानं सोन्याच्या चार्टवर दोन रेषा टाकल्या तर आश्चर्य कसलं? भट्टीत कचरा जळतो आणि सोनं उरतं. सरासरीत रोजची उलघाल जळते आणि कल उरतो. धंदा एकच, फक्त आच बदलली!

दुष्काळ निघालाच आहे, तर हेही घ्या. पावसाची ‘सरासरी’सुद्धा सरकती असते! हवामान खातं देशाच्या मान्सूनची सरासरी 1961 ते 2010 या काळावरून 88 सेंटीमीटर धरायचं. नंतर खिडकी 1971 ते 2020 अशी पुढं सरकवली आणि आकडा झाला 87. म्हणजे ‘सरासरीइतका पाऊस’ हा शब्दही मूव्हिंग अ‍ॅव्हरेजच, पन्नास वर्षांचा!

बाजारातला हा दोन रेषांचा खेळ गाजवला कुणी? गालिच्यांचा धंदा करणाऱ्या आर्मेनियन घरातल्या अमेरिकन रिचर्ड डॉन्चियननं. 5 आणि 20 दिवसांच्या रेषांची पद्धत त्याच्या नावावर आहे आणि 1949 मध्ये त्यानं लोकांच्या पैशावर वायद्यांचा फंडही काढला. सरासऱ्या कागद-पेन्सिलीनं काढायच्या, हं! आज ट्रेडिंगच्या सिलेबसमध्ये मानाचं पान मिळवणारी, 12, 26 आणि 9 दिवसांच्या सरासऱ्यांची ‘एमएसीडी’ जेराल्ड अ‍ॅपेलची, 1970 च्या दशकातली.

आणि आपल्याकडच्या पोरांचं आवडतं चार्टचं सॉफ्टवेअर, अ‍ॅमीब्रोकर? ते जन्माला आलं अ‍ॅमिगा नावाच्या होम कॉम्प्युटरवर, पोलंडच्या टोमाश यानेचकोच्या हातून. अ‍ॅमिगा गेला, ‘अ‍ॅमी’ राहिली!

आता कोडवाल्यांसाठी खास मसाला. ‘20 ची रेष 50 च्या वर आहे’ आणि ‘20 ची रेष 50 च्या वर आली’ या दोन वाक्यांत पैशाचं अंतर आहे. पहिलं लिहिलंत तर महिनाभर रोज हिरवा बाण. कॉम्प्युटर रोज ‘घ्या’ म्हणतोय आणि तुम्ही डोकं खाजवताय. दुसऱ्यासाठी ‘क्रॉस’ लागतं: काल खाली किंवा बरोबर, आज वर. कडेगावच्या मोहरमचे गगनचुंबी ताबूत रस्त्यात उभे असणं वेगळं आणि त्यांची भेट होणं वेगळं. लोक लोटतात ते भेटीच्या क्षणाला. क्रॉसओव्हर म्हणजे ती भेट!

त्या ताबुतांबद्दल सांगतात, की बांधणी आधी कळस, मग पाया अशी होते. तिथं ते कसब. प्रोग्रॅममध्ये हेच केलं की घात! आधी छान नफा ठरवायचा आणि मग तो देणारे आकडे शोधत बसायचं, 17 आणि 43, नाहीतर 19 आणि 61. जुन्या चार्टवर बंगला उभा राहतो. सोमवारी पाया शोधावा लागतो. याला ओव्हरफिटिंग म्हणतात. जायचं होतं कडेगावला, झाला कडेलोट.

‘व्हिपसॉ’ हा शब्द ऐकलाय? मूळ अर्थ दोघांनी दोन्हीकडून ओढायची करवत. भाव एका पट्ट्यातच खालीवर करत राहिला की रेषा एकमेकींना सारख्या छेदतात: घ्या, विका, घ्या, विका. जाताना कापते, येताना कापते, आणि भुसा पडतो ब्रोकरेजचा.

आणि बाजारात एकूण कापले किती जातात? सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासात, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला, एकूण 1.8 लाख कोटींच्या वर. आणि 2023-24 मध्ये परदेशी फंडांचा 97 टक्के नफा अल्गोंनी, म्हणजे आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रॅमनी कमावलेला. म्हणजे समोरही कोडच बसलंय, फक्त त्याचं कॉम्प्युटर जरा मोठं आहे!

शेवटची चिमटी. दिवसाच्या चार्टवर अकरा वाजता चमकलेला बाण दुपारी साडेतीनला गायब होऊ शकतो, कारण तोवर ‘क्लोज’ ठरलेलाच नसतो. आणि बाण पक्का होतो, तेव्हा बाजार बंद झालेला असतो. तरी बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या भावांवरची चाचणी, खुशाल त्याच क्लोजच्या भावानं खरेदी दाखवू शकते. बाजार उठल्यावर सकाळच्या भावानं भाजी मागितल्यासारखं. खरेदीचा भाव दुसऱ्या दिवशीच्या ओपनचा धरा, एवढा एक बदल करा आणि रिपोर्ट परत काढा. आधीचा रिपोर्ट घरच्यांना दाखवून झाला असेल, तर नवा दाखवायची घाई करू नका!