जुन्या मोटारीत आधुनिक स्वयंचलित गिअरबॉक्स : एक तांत्रिक विवेचन
(विशेष संदर्भ : शेव्हरले, १९५५ ते १९५७)

प्रस्तावना :
१९५५ ते १९५७ या काळात अमेरिकेत तयार झालेल्या शेव्हरले मोटारी आजही अनेक संग्राहकांनी चालत्या स्थितीत जपल्या आहेत. त्यांपैकी अनेकींना 'पॉवरग्लाइड' हा १९५० मध्ये प्रथम आलेला, पुढे जाण्यासाठी दोनच गिअर असलेला स्वयंचलित गिअरबॉक्स होता. त्याच्या जागी जनरल मोटर्सचाच, १९८२ पासूनचा '७००आर४' हा चार गिअरचा गिअरबॉक्स बसविण्याची पद्धत रूढ आहे. हा बदल म्हणजे केवळ सुटे भाग बदलणे नव्हे. इंजिन व गिअरबॉक्स यांच्यातील संबंध त्यात नव्याने जुळवावा लागतो. प्रस्तुत लेखात याचे विवेचन केले आहे.

बदलाची कारणे :
पॉवरग्लाइडच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर १.८२, तर ७००आर४ चे ३.०६ आहे, त्यामुळे मोटार जागेवरून जोमाने निघते. ७००आर४ च्या चौथ्या गिअरचे गुणोत्तर ०.७० आहे. मागील अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ३.५५ व चाकाचा व्यास २७ इंच धरल्यास ताशी १०० कि.मी. वेगाला थेट गिअरमध्ये इंजिनाचे मिनिटाला सुमारे २,७५० फेरे होतात. चौथ्या गिअरमध्ये ते सुमारे १,९२५ होतात. परिणामी इंजिनाचा आवाज, झीज व इंधनाचा खर्च कमी होतो.

जोडणीतील अडचणी :
१) १९५५ पासूनच्या शेव्हरले व्ही-८ इंजिनाला ७००आर४ चे बेल हाउसिंग जुळते. तथापि, मूळ रचनेत इंजिनाचा मागील आधार बेल हाउसिंगवरच असतो. नव्या गिअरबॉक्सला तो नसल्याने चॅसिसवर स्वतंत्र आडवा आधार बसवावा लागतो.
२) प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलून त्याचे संतुलन पुन्हा करावे लागते.
३) मूळ दांडीवर रिव्हर्स गिअर 'लो' च्या पुढे, शेवटी होता. नव्या गिअरबॉक्समध्ये तो पार्क व न्यूट्रल यांच्यामध्ये असतो. म्हणून दर्शकपट्टी न बदलल्यास चालकाची दिशाभूल होऊन अपघात संभवतो.

केबलचे महत्त्व :
गिअरबॉक्समधील क्लच प्लेटा तेलाच्या दाबाने आवळल्या जातात. इंजिनावरील भार वाढेल तसा हा दाबही वाढणे आवश्यक असते. ७००आर४ मध्ये भाराची ही सूचना कार्ब्युरेटरच्या लिव्हरला जोडलेली एक केबल पोहोचवते. जुन्या कार्ब्युरेटरच्या लिव्हरची भूमिती वेगळी असल्यास केबल योग्य प्रमाणात ओढली जात नाही. मग दाब अपुरा पडतो, प्लेटा घसरतात, तापतात आणि नवा गिअरबॉक्स अल्पावधीत जळतो. बाहेरून मोटार मात्र सुरळीत चालत असल्याचा भास होतो. यास्तव लिव्हरला सुधारक पट्टी लावणे, थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर केबल पूर्ण ओढली जाते याची खात्री करणे व दाबमापकाने दाब तपासणे अपरिहार्य ठरते. टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप चालविण्यासाठी स्वतंत्र विद्युत जोडणी आणि तेलासाठी पुरेशा क्षमतेचा कूलर यांचीही तरतूद करावी लागते.

निष्कर्ष :
ऐतिहासिक वाहनांविषयीच्या ट्युरिन सनदेने (२०१२) असे बदल पूर्ववत करता येण्याजोगे असावेत, हे तत्त्व मांडले आहे. त्यानुसार चॅसिस न कापता आधार बोल्टने बसविणे व मूळ गिअरबॉक्स जतन करणे इष्ट होय. तात्पर्य, या बदलाचे यश गिअरबॉक्सच्या नवेपणापेक्षा, इंजिनावरील भार त्याच्यापर्यंत अचूक पोहोचतो की नाही यावर अवलंबून असते.