शेरेबुकातल्या दोन ओळी

अधिकाऱ्यांच्या भेटीचा निरोप आला की आमच्या दोनशिक्षकी शाळेत आधी झाडू फिरतो आणि मग कपाट उघडतं. हजेरी, पोषण आहाराची नोंदवही, चव रजिस्टर, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त असा गठ्ठा टेबलावर येतो. एक साहेब तांदळाचा शिल्लक साठा जुळवून पाहायचे, चहा घ्यायचे आणि शेरेबुकात ‘काम समाधानकारक’ लिहून निघायचे. वर्गात डोकावले तर ‘पाढे येतात का रे?’ इतकंच. तांदूळ मोजायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या शेऱ्याने माझं काही बिघडलं नाही आणि काही सुधारलंही नाही.

मग नव्या केंद्रप्रमुख मॅडम आल्या. केंद्रात दहा-बारा शाळा, वर माहिती पाठवण्याचा रोजचा तगादा, त्यामुळे त्याही घाईतच असणार असं मी धरून चाललो होतो. त्या खुर्ची सोडून तिसरीच्या मुलांत सतरंजीवर बसल्या आणि पाच वह्या मागितल्या. 52 वजा 27. तीन वह्यांत उत्तर 35. मी त्यावर लाल फुली मारून बाजूला 25 लिहून दिलं होतं.

मॅडमनी एका पोराला विचारलं, ‘‘कसं केलंस?’’

‘‘सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’’

मोठ्यातून लहान वजा करायचं, हा नियम त्याने इमानेइतबारे पाळला होता. इतके दिवस मी फुल्या मारत होतो, पण ‘कसं केलंस’ हे विचारलं नव्हतं. मॅडमनी काड्यांचा डबा मागवला. वरची धूळ त्यांनी पदराने पुसली, बोलल्या काहीच नाहीत. दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडल्या. सात द्यायच्या म्हटल्यावर पोरगा अडला, थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘रबर काढू?’’

शेरेबुकात दोनच ओळी होत्या : ‘काड्या आहेत, वापरात नाहीत. वजाबाकी पुन्हा पाहणे.’

त्या ओळी वाचताना मला सातारा तालुक्यातलं कुमठे बीट (बीट म्हणजे काही केंद्रांचा गट) आठवलं; त्याचं नाव आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं. तेव्हाच्या विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी घडवलेले वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून जात. 2015मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि परत आलेल्यांनी तिथल्यासारख्या आपापल्या वर्गांच्या फरशा रंगवल्या. आमचीही रंगवली. पण बीटचा अधिकारी वर्गात मुलांजवळ बसतो, ही गोष्ट रंगाच्या डब्यातून थोडीच येते!

तीन आठवड्यांनी मॅडम न कळवता आल्या. मला वाटलं होतं, ‘पुन्हा पाहणे’ हे नुसतं लिहायचं असतं. त्याच पोराला त्यांनी जवळ बोलावलं. 52 वजा 27 त्याने पटकन सोडवलं. मग त्यांनी 403 वजा 128 दिलं. दशकाच्या घरात शून्य, सोडायला गठ्ठाच नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ‘हातचा’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. शंभराचा गठ्ठा आमच्याकडे नव्हताच. मॅडमनी रबरांची पुडी माझ्याकडे सरकवली आणि आम्ही तिघं दहा-दहाचे गठ्ठे एकत्र बांधायला बसलो.