घसा दुखतो तेव्हा आत काय चाललेलं असतं?

आपण दिवसभरात साधारण ५०० ते ७०० वेळा गिळतो. जेवताना, पाणी पिताना, बोलता बोलता, झोपेतसुद्धा अधूनमधून. दर वेळी जीभ मागे रेटली जाते, मऊ टाळू पडजिभेसकट वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद करते, स्वरयंत्र वर सरकतं, त्याच्यावरचं झाकण मिटतं, श्वास क्षणभर थांबतो आणि घास अन्ननलिकेत उतरतो. साधारण सेकंदाभरात हे सगळं उरकतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. तो लागतो घसा धरल्यावर. मग साधा आवंढा गिळायचा म्हटलं तरी डोळ्यांत पाणी येतं.

घसा ही मोठी अडचणीची जागा आहे. हवा आणि अन्न यांचे रस्ते इथे एकमेकांना छेदतात आणि दोन्हींबरोबर बाहेरचे जंतू आत येतात. म्हणून शरीराने नेमक्या याच जागी वेशीवरची चौकी बसवली आहे. नाकाच्या मागे अ‍ॅडेनॉइड, दोन्ही बाजूंना टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी तशाच पेशींचा थर, असं हे कडं आहे. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइनरिश वाल्डायर यांनी १८८४ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. ‘क्रोमोसोम’ आणि ‘न्यूरॉन’ ही नावं रूढ करणारे वाल्डायर ते हेच.

आरशासमोर आ करून पाहिलं तर टॉन्सिल खडबडीत, भोकं पडलेले दिसतात. ती भोकं म्हणजे खोल, फाटे फुटलेल्या खाचा. त्यांच्यामुळे टॉन्सिलचा पृष्ठभाग बाहेरून दिसतो त्याच्या कितीतरी पट होतो. आत आलेल्या जंतूंचे नमुने या खाचांमध्ये टिपले जातात, प्रतिकारपेशींपुढे मांडले जातात आणि प्रतिपिंडं तयार होऊ लागतात. हे शिक्षण लहानपणी सर्वांत जोरात चालतं, म्हणून मुलांचे टॉन्सिल मोठे दिसतात. वयात आल्यावर ते हळूहळू आक्रसतात. त्यामुळे मुलाचे टॉन्सिल नुसते मोठे दिसले म्हणून घाबरण्याचं कारण नाही.

आता खरी गंमत. घशातली वेदना बरीचशी आपलंच शरीर निर्माण करतं. जंतूची चाहूल लागली की तिथल्या ऊतींमध्ये ब्रॅडिकायनिन आणि प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं तयार होतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, घसा लाल होतो, सुजतो आणि मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांच्या नाकात नुसतं ब्रॅडिकायनिन सोडलं, तर जंतूचा पत्ता नसतानाही त्यांचे घसे दुखू लागले! आयबुप्रोफेनसारखी गोळी विषाणूला हातही लावत नाही, तरी आराम पडतो. कारण ती प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते. घशाबरोबर कानात कळ का येते, याचंही उत्तर इथेच आहे. घशातून संवेदना नेणाऱ्या, मेंदूशी जोडलेल्या नवव्या मज्जातंतूची एक शाखा मध्यकर्णातही जाते, त्यामुळे कळ नेमकी कुठून आली हे ओळखताना मेंदूची फसगत होते.

बहुतेक वेळा या दुखण्यामागे सर्दी-पडशाचे विषाणू असतात. नाक गळतं, खोकला येतो, आवाज बसतो आणि आठवड्याभरात सगळं ओसरतं. इथे अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नसतो. उलट एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूने घसा आलेला असताना अ‍ॅमॉक्सिसिलिन घेतलं, तर अंगभर पुरळ उठू शकतं.

दुसरा गुन्हेगार मात्र वेगळा आहे. तो म्हणजे ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस हा जीवाणू. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत तो जास्त आढळतो. अचानक ताप, गिळताना तीव्र वेदना, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि खोकला मात्र नाही, ही त्याची चाल. अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट सेंटॉर यांनी १९८१ मध्ये ताप, ठिपके, गाठी आणि खोकल्याचा अभाव या चार खुणांवरून शक्यता जोखण्याची पद्धत मांडली. डॉक्टर ती आजही वापरतात. खात्री मात्र घशातला स्वॅब तपासूनच होते.

या जीवाणूला इतकं महत्त्व का? त्याच्या अंगावरचं ‘एम’ प्रथिन आपल्या हृदयातल्या प्रथिनांशी काहीसं मिळतंजुळतं आहे. त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती कधी कधी आपल्याच हृदयावर उलटते. घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे लोटलेले असतात, आणि मग सांधे सुजतात, ताप येतो, हृदयाच्या झडपांना इजा होते. हाच संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीव्हर. भारतात आजही तरुण वयात झडपा खराब होण्यामागे तो एक मोठं कारण आहे. अमेरिकेत वायोमिंगमधल्या लष्करी तळावर केलेल्या अभ्यासातून १९५० मध्ये दाखवून दिलं गेलं की, स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीवर वेळीच पेनिसिलिन दिलं तर हा ताप टळतो. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी चालतं. म्हणजे तपासणी करून घ्यायला पुरेसा अवधी असतो. आणखी नवल म्हणजे, इतके जीवाणू अँटिबायोटिकना दाद देईनासे झाले, पण हा अजूनही पेनिसिलिनपुढे हार मानतो. अट एकच, बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस औषध घ्यायचं.

काही वेळा मात्र एक दिवसही थांबायचं नसतं. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा घसा १३ डिसेंबर १७९९ रोजी धरला आणि १४ तारखेच्या रात्री त्यांचा मृत्यू झाला. स्वरयंत्रावरचं झाकण सुजून श्वास कोंडला असावा, असं आजचे अनेक डॉक्टर मानतात. म्हणून श्वास घ्यायला त्रास होणं, श्वासाचा घर्र आवाज येणं, लाळही गिळता न येता ती तोंडातून गळणं, तोंड नीट न उघडणं, एकाच बाजूला मोठी सूज येऊन आवाज कोंडल्यासारखा होणं, यांपैकी काहीही दिसलं तर तडक रुग्णालय गाठा. घशात करडा, चिकटून बसलेला पडदा दिसला आणि मान सुजली, तर घटसर्पाची शंका घ्यावी. त्याचं विष थेट हृदयावर घाला घालतं. बाळाला दिली जाणारी पेंटाव्हॅलंट लस आणि पुढचे डोस या आजारापासून संरक्षण देतात.

तीव्र ताप, अंगावर पुरळ, आठवडाभरात न ओसरणारं दुखणं, यांसाठी डॉक्टरांना दाखवावं. थायरॉइडच्या अतिकार्यासाठी कार्बिमाझोल घेणाऱ्यांनी किंवा केमोथेरपी चालू असलेल्यांनी घसादुखी आणि ताप एकत्र आले तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं, कारण या औषधांनी पांढऱ्या पेशी घटू शकतात. तंबाखू, गुटखा, मिश्री किंवा विडीची सवय असलेल्यांचा आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला किंवा मानेत गाठ लागली, तर ती निव्वळ ‘सर्दी’ समजून सोडू नये.

बाकी वेळी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, भरपूर पातळ पदार्थ, विश्रांती आणि वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरतं. मध चालतो, पण वर्षाखालच्या बाळाला तो कधीच देऊ नये. ताप आलेल्या मुलांना अ‍ॅस्पिरिनही नको.

घरातल्या डब्यात मागच्या आजारपणातली अँटिबायोटिकची अर्धी पट्टी उरली असेल, तर ती या वेळच्या घसादुखीवर वापरू नका. विषाणूला तिची गरज नाही आणि स्ट्रेप्टोकॉकसला ती पुरत नाही.